साखर आपली, पुडी कोणाची?
ठाण्यातील एका कागद-वेष्टन कंपनीची हकिगत आणि ऊस उत्पादकाने तिच्यापासून घ्यायचा बोध



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बोलण्यात तोडणी, वाहतूक, उतारा आणि पहिली उचल यांशिवाय दुसरा विषय नसतो. ते साहजिकच आहे, कारण वर्षाचे सगळे गणित त्यावरच अवलंबून. परंतु साखर पोत्यात भरली, पोत्याचे तोंड शिवले आणि मालमोटार कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली, की त्या साखरेचे पुढे काय होते याची चौकशी आपल्यापैकी फारच थोडे जण करतात. “आपलं काम संपलं, आता व्यापारी बघंल,” अशी आपली वृत्ती. या अंकात आम्ही त्या फाटकाबाहेरच्या गोष्टीबद्दल चार शब्द लिहिणार आहोत. साखर कशात भरली जाते, ते वेष्टन कोण बनवते, आणि त्या धंद्याचा आपल्या उसाशी काय संबंध, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

टेंभी नाक्यावरचे दुकान

आपल्या भागातील पुष्कळ मंडळी नोकरीधंद्यानिमित्त ठाण्यात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाणे-येणे असणाऱ्यांना टेंभी नाका नवा नाही. नवरात्रात तिथल्या देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी पुष्कळांनी पाहिली असेल. नाक्याजवळच जांभळी नाक्याची जुनी बाजारपेठ आहे. या परिसरातील एखाद्या किराणा दुकानासमोर घटकाभर उभे राहून पाहावे. पूर्वी दुकानात शिरले की आधी नजरेला पडत ती पोती. तांदळाचे पोते, डाळीचे पोते, आणि तोंड उघडे ठेवलेले साखरेचे पोते. मापाड्या रद्दीच्या कागदाचा कोन करी, त्यात साखर ओती, वर दोऱ्याचे दोन वेढे घाली आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हाती देई.

आता पोते मागे, गोदामात गेले. पुढे फळीवर दिसतात ती रंगीत पाकिटे. चहा, बिस्किटे, मसाला, साबण, तेल, शांपू, सगळे पाकिटात. साखरसुद्धा एक किलोच्या आणि पाच किलोच्या छापील पिशवीत येऊन बसली आहे. गिऱ्हाईक पिशवीवरचे नाव वाचून माल उचलते. त्या नावात आपल्या कारखान्याचे नाव क्वचितच असते. ऊस आपला, साखर आपली, पण पिशवीवर नाव मात्र दुसऱ्याचे!

हा बदल आपोआप झालेला नाही. कागदाला छापायचे, मेण लावायचे, प्लॅस्टिकशी चिकटवायचे, कापायचे आणि पिशवी करायची, हा एक मोठा उद्योग आहे. आणि त्यातील देशातील एक जुनी व नावाजलेली कंपनी याच ठाण्यात, टेंभी नाक्यापासून रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येईल अशा माजिवड्याच्या परिसरात, लालबहादूर शास्त्री मार्गावर अनेक वर्षे नांदली. तिचे नाव ‘दि पेपर प्रॉडक्ट्स लिमिटेड’.

कागदीपुऱ्यापासून मेणकागदापर्यंत

महाराष्ट्राला कागद नवा नाही. दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नरचे कागदी, पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावे अजून टिकून आहेत. चिंध्या, ताग, जुने दोर कुटून त्याचा लगदा करायचा, चाळणीवर तो पातळ पसरायचा आणि वाळवून घोटायचा, असा तो हातकागद. पेशव्यांच्या दफ्तरातले कागद असल्याच कारागिरांच्या हातचे. पुढे यंत्राचा कागद आला आणि कागद्यांचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल उभी राहिली. विसाव्या शतकात बल्लारपूरला बांबूपासून कागद करणारी मोठी गिरणी आली.

पण हा सारा लिहिण्या-छापण्याचा कागद. वस्तू बांधण्याचा कागद ही त्याची धाकटी पाती. तिच्याकडे बरेच दिवस कोणी लक्ष दिले नाही. बांधाबांधीला रद्दी होतीच. अडचण होती ती ओलाव्याची. साधा कागद पाणी पितो. बिस्किटाची पुडी पावसाळ्यात चार दिवस ठेवली की बिस्कीट मऊ पडते. यावर पहिला उपाय निघाला तो कागदाला मेण लावण्याचा. पारले ग्लुको बिस्किटांचा तो मेणकागदाचा पुडा आपल्या पिढीने चांगला पाहिला आहे. पाव, बिस्कीट, गोळ्या यांच्यासाठी अशा मेणकागदाला मागणी वाढत गेली.

पेपर प्रॉडक्ट्सची वाटचाल

पेपर प्रॉडक्ट्सचा धंदा सुरू झाला १९३५ साली. म्हणजे आपल्या देशात साखर उद्योगाला १९३२ च्या जकात संरक्षणामुळे नुकताच जोर आला होता, त्याच सुमाराला. रीतसर कंपनी म्हणून तिची नोंदणी झाली १९५० साली. इकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे गाळपही याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाले. दोन्ही रोपे एकाच पावसाची म्हणायला हरकत नाही. एक ऊस पिळून साखर करणारे, दुसरे ती किंवा तसलाच माल गुंडाळणारे.

नाव ‘कागदी वस्तूं’चे असले तरी ही कंपनी कागदापाशी थांबली नाही, आणि तिच्या हकिगतीतला महत्त्वाचा भाग हाच आहे. सेलोफेन आले, पॉलिथीन आले, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा म्हणजे ज्याला आपण ‘चांदीचा कागद’ म्हणतो तो आला. हे पदार्थ एकमेकांवर चिकटवून लवचिक वेष्टन करण्याच्या कामात या कंपनीने देशात अग्रक्रम मिळवला. ठाण्याखेरीज सिल्वासा, हैदराबाद आणि उत्तराखंडातील रुद्रपूर अशा ठिकाणी तिचे कारखाने निघाले. १९९९ पासून ती फिनलंडच्या ‘हुतामाकी’ या कंपनीच्या गटात गेली. २०१२ साली तिने लेबले छापणारी वेबटेक लेबल्स ही कंपनी घेतली आणि २०१५ च्या आरंभी पॉझिटिव्ह पॅकेजिंग ही दुसरी मोठी वेष्टन कंपनी. २०१४ मध्ये जुने नाव मागे पडून ‘हुतामाकी पीपीएल’ झाले, आणि पुढे नुसते ‘हुतामाकी इंडिया’. ‘पेपर’ हा शब्द आधी अक्षरापुरता उरला आणि मग तोही गेला.

ठाणे शहराचीही गंमत अशीच. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. त्या काळात ठाणे म्हणजे कारखान्यांचे भोंगे. आमच्या पट्ट्यातून गेलेल्या कित्येक तरुणांची पहिली नोकरी तिथलीच. पुढे जमिनीचे भाव वाढले, कारखाने हलले आणि भोंग्यांच्या जागी उंच इमारती आल्या. धंदा टिकतो तो जागेवर टिकत नाही, कसबावर टिकतो, असे या कंपनीकडे पाहून म्हणावेसे वाटते.

एक पाकीट तयार होते कसे?

आता थोडे तंत्र पाहू. घाबरण्याचे कारण नाही. आपल्या कारखान्यातील रसशुद्धीपेक्षा हे अवघड नाही.

चहाचे किंवा मसाल्याचे पाकीट हातात घ्या आणि कडेला फाडून बघा. वरवर एकच दिसणारा तो कागद मुळात दोन-तीन थरांचा असतो. सगळ्यात बाहेर पॉलिस्टरचा पातळ थर, साधारण १२ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. आपल्या डोक्याचा केससुद्धा यापेक्षा जाड असतो. या थराच्या आतल्या अंगाला छपाई केलेली असते, म्हणून बोट घासले तरी शाई निघत नाही. मध्ये गरजेप्रमाणे ॲल्युमिनियमचा थर. तो उजेड, हवा आणि वास अडवतो. आणि सर्वांत आत पॉलिथीन. हा थर गरम केला की वितळतो व स्वतःलाच चिकटतो. त्यामुळेच पाकिटाचे तोंड बंद होते. म्हणजे एकाने दिसायचे, दुसऱ्याने राखायचे आणि तिसऱ्याने तोंड मिटायचे, अशी कामाची वाटणी आहे.

छपाई ‘रोटोग्राव्हर’ पद्धतीने होते. लोखंडी सिलिंडरवर तांब्याचा मुलामा देऊन त्यावर चित्राचे बारीक खड्डे कोरतात, वर क्रोमचा कडक मुलामा देतात. सिलिंडर शाईत फिरते, वरची जादा शाई पाते खरवडून काढते आणि खड्ड्यात उरलेली शाई फिल्मवर उतरते. प्रत्येक रंगाला वेगळे सिलिंडर. सहा रंगांचे चित्र असेल तर सहा सिलिंडरे. छापलेली फिल्म दुसऱ्या थराशी गोंदासारख्या द्रव्याने चिकटवायची, काही काळ मुरू द्यायची, मग हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या कापून रिळे गुंडाळायची. ही रिळे माल भरणाऱ्या कारखान्याकडे जातात. तिथले यंत्र पिशवी करते, माल भरते आणि तोंड बंद करते.

सिलिंडरांची गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. सिलिंडरे कोरण्याचा खर्च एकदाच येतो, मग त्यावर हजार पिशव्या छापा की दहा लाख. साहजिकच ज्याची मागणी मोठी त्याला पिशवी स्वस्त पडते आणि ज्याची मागणी थोडी त्याला महाग. एकट्या-दुकट्या साखर कारखान्याने चार पिशव्या छापून घेतल्या तर त्या परवडत नाहीत, याचे कारण यात आहे. चार-सहा कारखान्यांनी मिळून एकच नाव व एकच छाप ठरवला, तर हेच गणित फिरते. सहकार म्हणजे दुसरे काय असते?

कोणत्या मालाला कोणते वेष्टन?

वेष्टन जितके भारी तितके चांगले, असे मुळीच नाही. मालाचा स्वभाव पाहून वेष्टन ठरवावे लागते. चहाचा वास उडतो. तळलेला पदार्थ हवा लागली की खवट होतो. चॉकलेट वितळते, आणि त्याला कीड लागते. २००३ साली महाराष्ट्रात चॉकलेटात अळ्या सापडल्याच्या तक्रारी गाजल्या, त्या सभासदांना आठवत असतील. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये कॅडबरीने आपल्या चॉकलेटचे वेष्टन बदलले आणि चांदीचा कागद नुसता गुंडाळण्याऐवजी सर्व बाजूंनी उष्णतेने चिकटवायला सुरुवात केली. चॉकलेट तेच होते, तरी गमावलेला विश्वास परत मिळवायला वेष्टन कामी आले.

साखरेचे तसे नाही. साखर खवट होत नाही, तिला वास नाही, उजेडाने ती बिघडत नाही. तिचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे दमट हवा. हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेली की साखरेचे दाणे पाणी ओढू लागतात. वरचा पातळ पाक पुन्हा सुकला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि ढेकळे होतात. आपल्याकडे घाटावर कोरड्या हवेत चांगले राहिलेले पोते श्रावणात ठाण्याला उतरवले की ओलसर का होते, याचे उत्तर हेच. तागाचे पोते हवा खेळवते, ओलावा अडवत नाही. म्हणून किरकोळ विक्रीच्या साखरेला ओलावा अडवणारी पिशवी लागते. पण ॲल्युमिनियमचा थर तिला मुळीच लागत नाही. साधे पॉलिथीन पुरते. हे माहीत असले तर पिशवी खरेदीच्या वेळी कोणी आपल्याला भुलवू शकणार नाही.

पोत्याविषयीही एक कायदा लक्षात ठेवावा. १९८७ च्या ताग वेष्टन सक्तीच्या कायद्याखाली साखरेचा ठरावीक हिस्सा तागाच्या पोत्यांतच भरावा लागतो. पूर्वी तो सर्वच साखरेला लागू होता, अलीकडच्या वर्षांत तो वीस टक्क्यांवर आला आहे. ताग पिकवणारा बंगालचा शेतकरी जगावा, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याने शेतकऱ्याचे पोते वापरण्यात वावगे काही नाही.

मिठाई विकली, वेष्टन ठेवले

आता पेपर प्रॉडक्ट्सच्या फिनलंडमधील मालकांची हकिगत सांगतो. ती आपल्यासारख्या साखरवाल्यांनी कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

फिनलंडच्या कोक्कोला या गावात हेइक्की हुतामाकी नावाच्या विशीतल्या तरुणाने १९२० साली कारखाना काढला. कशाचा? वेष्टनाचा नव्हे. गोळ्या-मिठाईचा! साखर विकत घ्यायची आणि गोळ्या करून विकायच्या, हा मूळ धंदा. पुढे त्यात खाद्यपदार्थ, औषधे असे बरेच काही आले. कागदी पेले व वेष्टन यांचा विभाग घरच्या घरीच वाढला. १९७५ साली याच कंपनीने झायलिटॉल नावाच्या, दात न किडवणाऱ्या गोड द्रव्याचे च्युइंगम बाजारात आणले. फिनलंडमध्ये हे द्रव्य बर्च झाडाच्या लाकडापासून काढत. ज्या घटकापासून ते निघते तो घटक आपल्या उसाच्या चिपाडातही भरपूर असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

जवळजवळ ऐंशी वर्षे मिठाईवर वाढलेल्या या कंपनीने १९९९ साली एक मोठा निर्णय घेतला. आपला मिठाईचा सगळा व्यवसाय तिने सीएसएम या डच कंपनीला विकला, आणि व्हॅन लीअर ही दुसरी डच, वेष्टन करणारी कंपनी घेतली. म्हणजे मिठाई आणि मिठाईचा कागद असे दोन्ही हातात असताना तिने मिठाई सोडली आणि कागद ठेवला. का? तर गोळी एका कंपनीची खपेल किंवा दुसऱ्या कंपनीची खपेल, पण कागद दोघींनाही लागतो.

ज्या सीएसएमने ती मिठाई घेतली, तिचे मूळ नाव होते ‘मध्यवर्ती साखर कंपनी’. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांच्या एकत्रीकरणातून ती १९१९ साली जन्मली होती. या साखर कंपनीनेही २००७ साली आपला साखर धंदा विकला. घेतला कोणी? नेदरलँड्समधील बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने! ‘कोसुन’ हे त्या संस्थेचे नाव. व्यापारी कंपनी साखरेतून बाहेर पडली, शेतकरी मात्र तिथेच राहिले, कारण शेत टाकून शेतकरी जाणार कुठे? पण ते नुसत्या साखरेवर विसंबले नाहीत. याच सहकारी संस्थेच्या मालकीचे बटाट्याचे पदार्थ करणारे आणि चिकोरीच्या मुळापासून तंतुद्रव्य काढणारे कारखाने आहेत. आपण यातून घेण्यासारखे बरेच आहे.

पिशवीचा कचरा

वेष्टनाचे गुण गायिले, आता दोष सांगितले पाहिजेत. नाहीतर ती जाहिरात होईल.

तीन वेगळे पदार्थ एकत्र चिकटवलेले पाकीट पुन्हा वेगळे करता येत नाही. नुसते पॉलिथीन वितळवून पुन्हा वापरता येते, नुसता ॲल्युमिनियमही वापरता येतो. पण दोन्ही एकजीव केले की भंगारवालाही हात लावत नाही. १९८३ साली तामिळनाडूतल्या कडलूरहून सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शांपूची लहान पुडी बाजारात आणली आणि रोजंदारीवरच्या माणसालाही शांपू परवडू लागला. ही या धंद्याची एक बाजू. आणि त्याच पुड्या आज आपल्या ओढ्यात, पाटात आणि बांधावर पडलेल्या दिसतात, ही दुसरी.

सरकारलाही यात हात घालावा लागला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पेल्या-चमच्यांसारख्या ठरावीक वस्तू बंद झाल्या. वेष्टन वापरणाऱ्या उत्पादकाने कचऱ्याचीही जबाबदारी उचलावी, असे नियमही त्याच वर्षी आले. त्यामुळे वेष्टन कंपन्या पुन्हा एकजिनसी पिशव्यांकडे आणि कागदाकडे वळू पाहत आहेत. जो कागद सोडून त्या प्लॅस्टिककडे गेल्या, त्याच कागदाची त्यांना आता आठवण होते आहे.

इथे थोडा हिशेब करू. एक किलो साखरेच्या दोन थरांच्या पिशवीला साधारण सात ग्रॅम प्लॅस्टिक लागते असे धरले, तर एक टन साखरेला सात किलो आणि हजार टनांना सात टन. आपण आपली साखर पिशवीत विकायची ठरवली तर हे सात टनही आपल्याच खात्यावर येणार, हे विसरता कामा नये.

आणि आपले बगॅस?

कागदाला पुन्हा दिवस येणार असतील तर तो कशाचा करणार? बांबू आणि लाकूड यांना मर्यादा आहे. इथे आपल्या उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा प्रश्न येतो.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओले बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी. उरलेल्या कोरड्या भागात चाळीस टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, म्हणजे कागदाचा खरा धागा. मात्र सगळे बगॅस कागदाला चालत नाही. त्यात जो मऊ भुसा असतो तो रसायने पितो आणि कागद कमजोर करतो. तो आधी झोडपून वेगळा करावा लागतो. हा भुसा बॉयलरला जळणाला चालतो, आणि लांब धागा लगद्याला. एक टन लगदा करायला सुमारे सहा टन ओले बगॅस लागते.

हे कागदावरचे स्वप्न नव्हे. तामिळनाडू सरकारने १९७९ साली स्थापन केलेल्या तामिळनाडू न्यूजप्रिंट या कंपनीने करूरजवळ गिरणी उभारून १९८४ पासून बगॅसचा कागद काढायला सुरुवात केली. आरंभी वर्षाला ९० हजार टनांची क्षमता होती, पुढे ती कित्येक पटींनी वाढली. तिने साखर कारखान्यांशी केलेला सौदा ध्यानात घेण्यासारखा आहे. कारखान्याने बगॅस द्यायचे आणि त्याच्या बदल्यात गिरणीने कारखान्याच्या वाफेची, म्हणजे जळणाची सोय करायची. आपल्या प्रवरानगरनेही कागद गिरणी काढून हा मार्ग चोखाळला होता. उत्तर प्रदेशात फैजाबादला, म्हणजे आताच्या अयोध्येला, १९८१ साली निघालेल्या यश पेपर्सने पुढे बगॅसच्या लगद्यापासून ताटे-वाट्या करायला घेतल्या. प्लॅस्टिकबंदीनंतर लग्नकार्यात आणि उपाहारगृहांत जी पांढरट-तपकिरी ताटे दिसतात, त्यांतली पुष्कळशी उसाच्या चिपाडाची असतात. वाढणाऱ्याला ठाऊक नसते आणि जेवणाऱ्यालाही!

तथापि ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आपला हिशेब मांडून पाहू. एक लाख टन गाळपाला २८ ते ३० हजार टन बगॅस निघाले, तरी त्यातले बहुतेक आपल्याच बॉयलरला लागते. वाफेची काटकसर करून दहा टक्के वाचवले, तर तीन हजार टन. त्यातून लगदा निघेल पाचशे टन. एवढ्यावर स्वतंत्र कागद गिरणी चालत नाही. शिवाय गिरणीला पाणी फार लागते, आणि लगदा शिजवल्यावर निघणारे काळे पाणी नदीत सोडले तर खालच्या गावांचे शिव्याशाप आणि प्रदूषण मंडळाची नोटीस, दोन्ही ठरलेले. लहान कागद गिरण्या अशा पाण्यापायी बंद पडल्या आहेत. तिसरी गोष्ट, ज्या कारखान्यांनी सहवीजनिर्मिती केली आहे त्यांचे उरलेले बगॅस विजेत जाते. कागदाला द्यायचे तर विजेचे उत्पन्न सोडावे लागेल. दोन्हीकडचे दर समोर ठेवूनच हा निर्णय झाला पाहिजे.

आपण काय करावे?

केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये केला. कारखान्याच्या दारातला दर असा सरकारच्या आणि बाजाराच्या हातात. तीच साखर छापील पिशवीत शिरून फळीवर गेली की मधली जी वाढ होते, ती भरणारा, छापणारा आणि विकणारा वाटून घेतात. आम्ही त्यांना चोर म्हणत नाही. त्यांनी यंत्र घातले, जोखीम घेतली, त्याचा मोबदला ते घेतात. प्रश्न एवढाच की त्या वाटणीत ऊस पिकवणाऱ्याला बसायला जागा आहे की नाही.

आमच्या मते जागा आहे, पण ती पायरीपायरीने घ्यावी लागेल. पहिली पायरी, थोडी साखर आपल्या नावाच्या पिशवीत भरून आपल्याच तालुक्यात आणि आपली माणसे जिथे आहेत त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे विकून पाहणे. त्यासाठी वजन, किंमत, नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि अन्नसुरक्षा परवाना क्रमांक पिशवीवर छापणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यात कसूर नको. दुसरी पायरी, सिलिंडरांचा खर्च वाटून घेण्यासाठी शेजारच्या कारखान्यांशी बोलणे. ज्यांची ऊस पळवापळवीवरून वर्षानुवर्षे भांडणे, त्यांच्याशीच बोलावे लागेल, हे आम्हाला कळते. तिसरी पायरी, वाचलेले बगॅस अनेक कारखान्यांनी एकत्र करून लगद्याला द्यायचे की विजेला, याचा तज्ज्ञांकडून हिशेब करून घेणे. गिरणी उभारायची घाई नको, पण हिशेब करायला काय हरकत आहे?

सभासदांनी वार्षिक सभेत उताऱ्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. गेल्या हंगामात बगॅस किती वाचले आणि ते कोणत्या दराने गेले? पोत्यांवर आणि पिशव्यांवर किती खर्च झाला? आणि आपल्या नावाने किती साखर गिऱ्हाइकाच्या घरात गेली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले, तर ते शून्य अहवालात छापून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.